सांदवाडीतला बारमाही भाजीपाला हिवाळ्यात कसा जपायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दिवाळी आटोपते, कापसाचा पहिला वेचा घरात येतो आणि मग कुठे घरामागच्या सांदवाडीकडे नीट पाहायला सवड मिळते. नेमका तेव्हाच मुनगा (शेवगा) पिवळा पडलेला असतो, काटवलाचा (कर्टोलीचा) वेल वाळलेला असतो आणि गोडलिंबाला (कढीपत्त्याला) महिनाभरात नवं पान फुटलेलं नसतं. घरात काळजी सुरू होते आणि काळजीपोटी जे केलं जातं त्यानेच पुष्कळ झाडं मरतात. खालची उत्तरं विदर्भातल्या गावच्या वाडीला धरून लिहिली आहेत. वऱ्हाडाची, म्हणजे पश्चिम विदर्भाची, काळी माती आणि झाडीपट्टीची, म्हणजे पूर्व विदर्भाची, धानाची माती यांत जिथे फरक पडतो तिथे तो सांगितला आहे.

आपल्याकडे बर्फ पडत नाही. मग झाडं थंडीपासून वाचवायची गरजच काय?

झाड मरायला बर्फच लागतो असं नाही. मुनगा, तोंडली, वांगी, गोडलिंब, धोपा (अळू) ही सगळी उष्ण मुलखातली झाडं आहेत. रात्री पारा १० अंशांच्या खाली जाऊ लागला की त्यांची मुळं सुस्त होतात, पाणी ओढणं फार कमी करतात. आपल्याकडे दुपारी मात्र २७-२८ अंशांचं ऊन असतं. पानं पाणी मागतात आणि मुळं ते पुरवू शकत नाहीत. म्हणून कडाक्याच्या रात्रीनंतर माती ओली असूनही झाड दुपारी मान टाकतं. ते पाहून माणूस आणखी बादलीभर पाणी ओततो, गार चिखलात मुळं गुदमरतात आणि आठ दिवसांत बुंधा सडतो. विदर्भातल्या वाडीत थंडीने मरणारी झाडं बहुतेक अशीच जातात.

कडाक्याच्या रात्री मोजक्याच असतात, पण असतात. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. शिवाय हवामान खात्याचा तापमापक जमिनीपासून साधारण चार फूट उंचीवर, पेटीच्या आडोशाला असतो. उघड्या आभाळाखालचं, जमिनीलगतचं पान त्याहून तीन-चार अंश गार होऊ शकतं. बातमीत ६ अंश ऐकलंत तर तुमच्या धोप्याच्या पानावर २-३ अंश असू शकतात.

झाड झोपलंय की मरतंय हे कसं ओळखायचं?

हा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. झोपलेल्या झाडाला पाणी-खत देऊन उठवलं तर ते दगावतं आणि आजारी झाड झोपलंय म्हणून सोडून दिलं तरी हातचं जातं.

झोपणारं झाड खालून वर, हळूहळू, दोन-तीन आठवड्यांत पिवळं होतं. जुनी पानं आधी गळतात. पान देठापासून अलगद सुटतं, फांदीवर स्वच्छ खूण राहते. खोड टणक असतं. काटवल, सुरण आणि हळद यांचा वरचा भाग तर पूर्ण वाळतो आणि त्यात काहीच बिघडलेलं नसतं, कारण जीव जमिनीतल्या कंदात गेलेला असतो.

मरणारं झाड वरून खाली किंवा एका बाजूने जातं. शेंडे काळे पडतात, पानं हिरवी असतानाच लोंबतात आणि वाळूनही फांदीला चिकटून राहतात. बुंध्याजवळची साल अंगठ्याने दाबली तर मऊ लागते, कधी आंबूस वास येतो. अशा वेळी बुंध्यापासून वीतभर अंतरावर चार बोटं खोल खुरपीने उकरून पाहा. बारीक मुळं पांढरी-पिवळसर असतील तर धीर धरा. ती तपकिरी असतील आणि ओढल्यावर वरची साल हातात येत असेल तर पाणी ताबडतोब बंद करा, आळं मोडून माती मोकळी करा.

कोणत्या रात्री झाकायचं? रोज झाकत बसणं जमत नाही.

रोज झाकायची गरजच नाही. आभाळ निरभ्र, वारा पडलेला, हवा कोरडी आणि चांदण्या टक्क दिसतायत, ती रात्र धोक्याची. दिवसा तापलेल्या जमिनीची ऊब अशा रात्री सरळ आभाळात निघून जाते. ढगाळ रात्री ढगच पांघरूण होतात, तेव्हा झाकू नका. पाऊस किंवा आभाळ येऊन गेल्यावर उत्तरेचा वारा सुटला आणि मग तो थांबला, की पुढच्या दोन-तीन रात्री सांभाळायच्या.

अंदाज ८ अंशांचा असेल तर नाजूक झाडं झाका: नवीन लावलेला मुनगा, लहान गोडलिंब, मायाळू, वांगी, मिरची. ५ किंवा त्याखाली असेल तर झाकता येईल ते सगळं झाका. नागपूरचं प्रादेशिक हवामान केंद्र विदर्भाचा अंदाज रोज देतं आणि जिल्ह्याचा कृषी हवामान सल्ला दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. मेघदूत ॲपवरही तो मराठीत मिळतो.

एका गावातही फरक असतो. गार हवा जड असते, ती पाण्यासारखी उताराकडे वाहते आणि सखल जागी साचते. नाल्याकाठच्या वाडीत टेकाडावरच्या वाडीपेक्षा आधी झळ बसते. साधा तापमापक वाडीतल्या सर्वांत सखल जागी, जमिनीपासून फूटभर उंचीवर टांगून पहाटे पाहत जा. आठ दिवसांत तुमच्या वाडीचा आणि बातमीतल्या आकड्याचा फरक कळतो. मग अंदाज वापरायला सोपा जातो.

झाकायचं कशाने आणि कसं?

जुनं सुती लुगडं किंवा धोतर सर्वांत चांगलं. ते दुहेरी घ्या. झाडाभोवती चार बांबू किंवा जाड तुराट्या (तुरीच्या वाळल्या काड्या) रोवा, झाडापेक्षा अर्धा फूट उंच. कापड त्यांच्यावरून सोडून थेट जमिनीपर्यंत आणा आणि कडांवर विटा ठेवा. जमिनीपर्यंत आणण्याला कारण आहे. ऊब झाडात नसते, मातीत असते. कापड ती ऊब आत अडवून धरतं. कापड झाडावर टाकून बुंध्याला मोळीसारखं बांधलं तर मातीची ऊब बाहेरच राहते आणि झाड आत तसंच गारठतं. ही चूक फार घरांत होते.

झाकायची वेळ संध्याकाळी पाचच्या सुमारास, माती कोमट आहे तोवर. अंधार पडल्यावर, माती निवून गेल्यावर झाकण्यात अर्धाच फायदा. सकाळी साडेआठ-नऊला काढायचंच. दवाने भिजलेलं कापड दिवसभर उन्हात वाळवा, कारण ओलं कापड रात्री उलट गारवा धरतं. पोतं वापरत असाल तर भिजल्यावर त्याचं वजन वाढतं हे लक्षात ठेवा. कच्च्या काड्यांवर ते पहाटे कोसळतं आणि त्याखाली मिरचीचं झाड मोडतं.

प्लास्टिकचा कागद चालेल का?

पानाला लागत नसेल तरच. जिथे प्लास्टिक पानाला चिकटतं तिथलं पान सकाळी भाजल्यासारखं दिसतं. साध्या पातळ प्लास्टिकमधून जमिनीची ऊब निघूनही जाते. आणि सकाळी काढायला विसरलात तर दहा वाजेपर्यंत आत वाफारा होतो. पावसाचा अंदाज असेल तेव्हा कापडाच्या वर, सांगाड्यावर ताणून वापरा. कृषी केंद्रात मिळणारं पांढरं क्रॉप कव्हर मात्र चांगलं. ते हलकं असतं, त्यातून हवा आणि उजेड जातो, त्यामुळे एखादी सकाळ काढायचं राहिलं तरी नुकसान नाही.

वाडीत शेकोटी करून धूर केला तर?

लहान वाडीत त्यावर भिस्त ठेवू नका. धुराचा थर जमिनीतून निघणारी ऊब फारशी अडवत नाही आणि शेकोटीची उष्णता सरळ वर जाते. मोठ्या शेतात अनेक ठिकाणी लहान जाळ केले तर हवा ढवळली जाऊन थोडा फायदा होतो. घरामागे मात्र तणसाचा (धानाच्या पेंढ्याचा) ढीग, गोठा, तुराट्यांची ताटी आणि कौलारू छप्पर सगळं दहा पावलांत असतं. एका ठिणगीचं नुकसान दहा झाडांपेक्षा मोठं आहे. गोवऱ्यांची राख निवाल्यावर मावा पडलेल्या वालावर धुरळायला कामाची, पण काळ्या मातीत घमेल्यांनी टाकू नका. ती माती आधीच अल्कधर्मी असते, राखेने आणखी चढते.

वारा अडवायला ताटी कोणत्या बाजूला बांधायची?

उत्तरेला. हिवाळी वारा बहुतेक तिकडूनच येतो. तुराट्यांची पाच फूट उंच ताटी पुरते. ती दाट विणू नका, थोडा वारा गाळून येऊ द्या. वाडीच्या उताराच्या बाजूला ताटी असेल तर तिच्या तळाशी वीतभर फट सोडा, म्हणजे साचणारी गार हवा निघून जाईल. ती जागा बंद केली तर वाडी गार हवेचं डबकं होते. ताटीला तुराट्याच घ्या, पऱ्हाट्या (कपाशीच्या वाळल्या काड्या) नकोत. त्यांवर उरलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते.

घराची दक्षिणेकडची भिंत ही फुकटची शेगडी आहे. मातीची किंवा विटांची भिंत दिवसभर ऊन पिते आणि रात्री हळूहळू सोडते. गोडलिंब, मिरची आणि मायाळू लावायला तिच्यापासून दोन-तीन फुटांची जागा उत्तम.

पाणी किती आणि कधी द्यायचं?

दिवस मोजून देऊ नका, माती पाहून द्या. बुंध्यापासून हातभर अंतरावर चार बोटं खोल उकरा आणि माती मुठीत दाबा. गोळा होऊन टिकला तर पाणी नको, हातात भुगा झाला तर द्या. या हिशेबाने काळ्या मातीत मोठ्या झाडाला साधारण ८ ते १० दिवसांनी एक बादली, म्हणजे १५ लिटर, लागते. मुरमाड किंवा हलक्या मातीत ४-५ दिवसांनी पाऊण बादली.

वेळ सकाळी दहा ते दुपारी दोन. त्यामुळे संध्याकाळपर्यंत मातीत ऊब साठते. ओलसर, दबलेली माती कोरड्या भुसभुशीत मातीपेक्षा जास्त ऊब साठवते, म्हणून थंडीची लाट येणार असं कळलं की आदल्या दिवशी हलकं पाणी देऊन ठेवावं. हलकं म्हणजे माती ओलसर व्हावी इतकंच, चिखल नको.

पाणी विहिरीचं किंवा बोअरचं ताजं उपसलेलं द्या. थंडीच्या पहाटे विहिरीतून वाफ निघताना दिसते ती उगाच नाही. भूगर्भातलं पाणी वर्षभर कोमटच राहतं. रात्रभर उघड्या टाक्यात राहिलेलं पाणी मात्र सकाळी बोटं बधिर करतं. ते मुळांवर ओतू नका, दुपारपर्यंत उन्हात राहू द्या. संध्याकाळी पानांवर पाणी मारायचं तर अजिबात नाही. त्याने भुरी नाही तरी करपा हमखास वाढतो.

आच्छादनाला कुटार बरं की तणस?

झाडीपट्टीत तणस सहज मिळतं आणि तेच चांगलं. ते गुंतून राहतं, वाऱ्याने उडत नाही. वऱ्हाडात सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) असतं. ते हलकं असल्याने वर चार काड्या किंवा मूठ-मूठ माती टाकून दाबावं लागतं. कडुलिंबाचा, पळसाचा वाळला पालाही चालतो. सागाची पानं मोडून टाका, नाहीतर ती एकावर एक बसून पत्रावळीसारखी होतात आणि पाणी खाली जात नाही.

थर तीन ते चार इंच, बुंध्याभोवती चार बोटं जागा मोकळी. बुंध्याला टेकलेलं आच्छादन ओल धरतं आणि वाळवी चढते. वाळवी दिसलीच तर त्या जागचं आच्छादन उचलून दूर टाका, तिचे मातीचे बोगदे खरवडा आणि झाडामागे दोन मुठी निंबोळी पेंड मातीत मिसळा.

आच्छादन मुळं आणि कंद वाचवतं, पानं नाही. उलट कोरड्या आच्छादनामुळे मातीची ऊब वर येत नाही आणि त्यावरची बुटकी झाडं पहाटे जास्त गारठतात. त्यामुळे हळद, सुरण, काटवल, तोंडलीचा गड्डा यांवर जाड थर द्या. मिरची-वांग्याखाली मात्र लाटेच्या दिवसांत आच्छादन बाजूला सारून माती उन्हाला उघडी करा आणि रात्री कापड झाका. लाट ओसरली की पुन्हा पसरा.

काळ्या मातीला भेगा पडतात, त्याचं काय?

भेगा झाडाला थंडीइतक्याच वाईट. त्या बारीक मुळं तोडतात आणि खालची ओल उडवतात. करंगळी जाईल इतकी भेग दिसण्याआधीच, पाणी दिल्यावर वाफसा आला की दोन बोटं खोल खुरपणी करा. वरचा भुसभुशीत थर भेगेत उतरतो. मोठी भेग पडलीच तर चाळलेलं जुनं शेणखत आणि माती सारखी घेऊन भरा. भेगेत नुसतं पाणी सोडलं तर ते सरळ खाली निघून जातं, मुळांना मिळत नाही.

हिवाळ्यात खत द्यावं का? झाडं अशक्त दिसतात.

नोव्हेंबर ते जानेवारी युरिया नको, ताजं शेण नको, शेणाची स्लरीही नको. नत्राने कोवळे धुमारे फुटतात आणि थंडी आधी त्यांनाच खाते. पूर्ण कुजलेलं शेणखत मातीवर पसरून ठेवायला हरकत नाही. खरा हप्ता फेब्रुवारीच्या मध्याला, नवी पालवी डोळा काढू लागली की द्यायचा. मोठ्या झाडाला एक घमेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड द्या आणि लगेच पाणी द्या.

मुनग्याचा पाला पूर्ण गळाला. तोडून टाकावा का?

नाही. थंडीत मुनगा पाला टाकतोच. जानेवारी-फेब्रुवारीत त्याच उघड्या फांद्यांवर फुलं येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला शेंगा. आत्ता शेंडे छाटलेत तर यंदाच्या शेंगा गेल्या. छाटणी शेंगा उतरल्यावर करा.

वर्षाच्या आतलं झाड मात्र नाजूक. त्याच्या खोडाला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत पोत्याची पट्टी सैलसर गुंडाळा आणि फेब्रुवारीत सोडा. पाणी फार कमी द्या. पाणी साचलेल्या जागी मुनग्याचं मूळ सडतं आणि एका वाऱ्यात झाड आडवं होतं. धानाच्या बांधीलगतच्या वाडीत तो नेहमी उंचवट्यावरच लावावा.

गोडलिंबाला नवं पान का फुटत नाही? पानं पिवळी पण पडतायत.

थंड रात्री असल्या की गोडलिंब थांबतो. त्यात दोष नाही. पण पिवळेपणा कुठला आहे ते पाहा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी पडून गळत असतील तर थंडी. वरची कोवळी पानं पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर लोहाची कमतरता, जी आपल्या चुनखडीयुक्त काळ्या मातीत फार आढळते. तिचा इलाज थंडीत करून उपयोग नाही, मुळं काही घेत नाहीत. फेब्रुवारीअखेर फेरस सल्फेट ५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात विरघळवून, चिमूटभर लिंबूसत्व घालून, पालवीवर फवारा आणि पंधरा दिवसांनी पुन्हा. आंबट ताक घालायची रीत जुनी आहे. घालायचंच तर तेही उन्हं वाढल्यावर, पातळ करून.

फोडणीसाठी पानं हवीत तर एका फांदीची दोन-चार काढा. ओरबाडू नका.

तोंडलीचा वेल वाळत चाललाय. कधी छाटायचा?

डिसेंबरात छाटला तर छाटलेल्या जागी कोंब येतात आणि थंडीत जळतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीचा पहिला आठवडा ही वेळ. संक्रांत झाल्यावर पंधरा दिवसांनी असं लक्षात ठेवा. जमिनीपासून दीड-दोन फुटांवर तिरपा काप द्या आणि जुना वाळला वेल मांडवावरून पूर्ण काढा, कारण भुरी आणि पिठ्या ढेकूण त्यातच मुक्कामाला असतात. गड्ड्यावर आच्छादन, पाणी पंधरा दिवसांतून एकदा. पालवी दिसली की वाढवा.

छाटलेल्या वेलाचे पेन्सिलीएवढे जाड, तीन-चार डोळ्यांचे तुकडे फेकू नका. दोन डोळे मातीत गाडून कडेच्या सावलीत लावले की नवी रोपं होतात. ते भरपूर फळणाऱ्या मादी वेलाचेच घ्या.

काटवलाचा वेल पूर्ण गेला. पाणी देत राहू का?

देऊ नका. एक तांब्याही नाही. कंद पावसाळ्याच्या सरींनी स्वतः उठतो. थंडीत आणि उन्हाळ्यात त्याला ओल दिली की तो कुजतो.

करायचं काम वेगळंच आहे आणि ते वेल वाळण्याआधी करायचं. काटवलाचे नर आणि मादी वेल वेगळे असतात. मादी फुलाखाली लहानसं काटेरी फळ दिसतं, नर फुलाखाली नुसता देठ. मादीजवळ लाल चिंधी आणि नराजवळ पांढरी चिंधी बांधलेली खुंटी ठोका. आठ-दहा माद्यांना एक नर पुरतो. खुंटी नसली तर उन्हाळ्यात खणताना कुदळ नेमकी कंदावर पडते. जंगलालगतच्या गावांत रानडुकरं कंद उकरतात. तिथे कंदाच्या जागेवर बोराटीच्या काट्या अंथरून वर दगड ठेवा.

वांगी आणि मिरची पुढच्या वर्षासाठी राखता येतात का?

येतात. दोन्ही झाडं मुळात एका हंगामाची नाहीत. पण निवड कठोर करा. वांग्याची पानं बारीक होऊन झुपका झाला असेल, म्हणजे बोकड्या पडला असेल, किंवा मिरचीवर चुरडामुरडा असेल, तर झाड मुळासकट उपटून जाळा. हे रोग छाटणीने जात नाहीत आणि तुडतुडे, पांढरी माशी ते शेजारच्या वाडीतही पोचवतात.

निरोगी झाडाची फळं थंडीत कमी होतात, कारण गार रात्री फुलं टिकत नाहीत. फुलं गळताना पाहून औषधं फवारू नका. फेब्रुवारीच्या मध्यावर वांगं जमिनीपासून वीतभर-सव्वा वीत ठेवून छाटा. किडलेले शेंडे नष्ट करा, खत-पाणी द्या. महिना-दीड महिन्यात पुन्हा फळं लागतात. खोडवा दुसऱ्या वर्षापुढे नेण्यात अर्थ नाही, शेंडेअळी वाढत जाते. मिरचीचे फक्त वाळलेले शेंडे काढा, खोलवर छाटू नका.

धोपा, हळद, अद्रक, सुरण?

धोप्याची पानं लहान होतात, नवी येईनाशी होतात. न्हाणीच्या पाण्यावरचा धोपा तग धरतो. पाला काळा पडला तरी कापू नका, तोच गड्ड्याचं पांघरूण होतो. हळद पाला वाळल्यावर काढायची. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ती हळद या काळ्या मातीचीच आहे. बेण्यासाठी काही गड्डे जागेवर ठेवायचे असतील तर पाणी बंद आणि वर चार इंच तणस. अद्रकाचंही तसंच. सुरण जागेवर ठेवला तरी चालतो, पण जमीन भारी असेल तर काढून कोरड्या वाळूत, हवेशीर कोपऱ्यात ठेवा. एकमेकांना टेकवू नका.

वालाला थंडी बाधते का?

वालाचा तर हाच हंगाम. दिवस लहान झाल्यावरच तो फुलतो आणि भोगीच्या भाजीला पोपटाच्या, म्हणजे वालाच्याच, शेंगा मिळतात. त्याला धोका ढगाळ दिवसांत पडणाऱ्या माव्याचा. शेंड्यावर काळे ठिपके हलताना दिसले की तो शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. जास्त असेल तर निंबोळी अर्क: ५० ग्रॅम निंबोळीचा भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, दोन पदरी फडक्याने गाळा, एक ग्रॅम धुण्याचा साबण मिसळा आणि दुपारी चारच्या सुमारास पानाच्या खालच्या बाजूने फवारा. त्यापेक्षा उशीर केला तर दव पडेपर्यंत पान वाळत नाही.

तेलाच्या डब्यात आणि कुंडीत लावलेल्या झाडांचं काय करायचं?

त्यांना सर्वांत आधी सांभाळा. पत्र्याचा डबा चारही बाजूंनी गार होतो, मुळांना पळायला जागा नसते. डबे दक्षिणेच्या भिंतीशी एकमेकांना लावून ठेवा, खाली विटा किंवा फळी द्या, बाहेरून पोतं गुंडाळा. तळाची भोकं खिळ्याने मोकळी करून घ्या.

रात्रीतून पाला काळा पडला. झाड गेलं का?

लगेच ठरवू नका. पहाटे पान उकडल्यासारखं, गडद आणि ओलसर दिसतं, दुपारपर्यंत काळं पडतं. एवढ्यावरून फांदी मेली असं होत नाही. कात्री लावू नका, जळका पाला खालच्या डोळ्यांना पुढच्या रात्री आडोसा देतो. पाणी नेहमीपेक्षा कमी द्या, कारण पानंच उरली नाहीत तर पाणी उडणार कुठून? फेब्रुवारीअखेर शेंड्यापासून खाली येत सालीवर नखाने ओरखडा काढा. आत हिरवं आणि ओलसर दिसेल तिथवर फांदी जिवंत आहे. तपकिरी-कोरडी असेल तिथपर्यंत कापा, हिरव्या भागात एक डोळा ठेवून. सगळं खोड कोरडं निघालं तरी मुनगा आणि गोडलिंब बुंध्यातून फुटू शकतात. त्यांना होळीपर्यंत वेळ द्या.

गारपीट झाली तर?

थंडी ओसरताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्याकडे ही धास्ती असतेच. झाकायचे बांबू मार्चपर्यंत उपटू नका. आभाळ आलं की त्यावर दुहेरी हिरवी जाळी ताणून बांधा, सैल नको. गारा पडून गेल्यावर मोडलेल्या फांद्या धारदार कात्रीने साफ कापा आणि जखमांवर कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारा. पाणी साचलं असेल तर आळी फोडून बाहेर काढा. फवारणीनंतर आठवडाभर पाला भाजीला तोडू नका.

झाडं वाचली पण शेळ्यांनी खाल्ली, असं दरवर्षी होतं.

कापसाची उलंगवाडी (शेवटची वेचणी) झाली की ढोरं-शेळ्या मोकळ्या सुटतात आणि त्या दिवसांत गावात हिरवं फक्त वाड्यांतच उरतं. कुंपण डिसेंबरातच नीट करा. तुराट्यांच्या ताटीला बाहेरून कंबरेइतक्या उंचीपर्यंत बोराटी लावा, काटे बाहेर. वाडीच्या दाराची ताटी दोरीने नव्हे, तारेने बांधा. शेळी दोरी चघळून सोडवते.

झाकणं, आच्छादन कधी आवरायचं?

सलग आठ रात्री पारा १२ अंशांच्या वर राहिला की कापडं धुऊन, वाळवून, कडुलिंबाचा पाला घालून ठेवून द्या. बहुतेक वर्षी ही वेळ फेब्रुवारीच्या मध्यावर येते. खोडांच्या पट्ट्या त्याच दिवशी सोडा, नाहीतर त्यांखाली मुंग्या आणि पिठ्या ढेकूण घर करतात. आच्छादन मात्र काढू नका. मार्चपासून तेच माती गार ठेवायला लागणार आहे.